लाल पुंजक्याखाली दोन मरळी असतात
भंडारा-गोंदिया जिल्ह्यांतल्या मच्छीमार सहकारी संस्थांच्या सभासदांना खुलं पत्र

सभासद काकांनो, दादांनो, आणि ज्यांची नावं संस्थेच्या यादीत फारशी नसतात पण बाजारात मासळीचं घमेलं घेऊन ज्या रोज बसतात त्या मावश्यांनो,

सप्रेम नमस्कार.

मी ढीवराच्या घरची. माझा आजा तलावावर गेला, माझा बा तलावावर गेला आणि संस्था निघाली तेव्हा बाने भाग घेऊन सभासद म्हणून अंगठा उमटवला. आज मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. सुट्टीत गावी आले की पहाटे तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन बसते. हे पत्र तिथे बसून जे पाहिलं त्याबद्दल आहे.

गेल्या आषाढातली गोष्ट. दोन दिवस पाऊस झाला होता, तिसऱ्या दिवशी उघाड होती. तलावाच्या काठाला, देवधानाच्या गवतात, पाण्यावर लालसर पुंजका हलत होता. परातीएवढा. मध्येच तो सगळा पुंजका एकदम वर यायचा आणि तेवढ्याच पाण्यावर बारीक पाऊस पडल्यासारखे थेंब उठायचे, बाजूचं पाणी मात्र स्थिर. मरळीची पिल्लं. मी पाहत होते तेवढ्यात गावातली दोन पोरं आली. एकाने गळाला जिवंत बेडूक लावला आणि पुंजक्याच्या मधोमध टाकला. पाण्यात मोठा हिसका बसला आणि मरळ वर आली. दुसरा बेडूक टाकला, थोड्या वेळाने दुसरी आली. दोन्ही पिशवीत घालून पोरं निघाली. मी विचारलं तर म्हणाली, “ताई, संस्थेनंच सांगतलं हाये. मरळ दिसली का मारा. बोटुकली खाते थे.”

पुंजका त्या संध्याकाळपर्यंत तिथेच होता, पण सैल झाला होता. दुपारभर वंचक बगळा काठावर उभा होता. पाणकावळे दोन. दुसऱ्या दिवशी सकाळी गवतात काही नव्हतं.

त्या पोरांवर माझा राग नाही. त्यांना जे सांगितलं ते त्यांनी केलं. संस्थेच्या कमिटीवरही नाही. ज्यांनी हे सांगितलं असेल त्यांनी संस्थेच्या भल्यासाठीच सांगितलं असणार. कर्ज काढून बीज, म्हणजे कटला-रोहूची बारकी पिल्लं आणि बोटाएवढी बोटुकली, आणायचं, तलावात सोडायचं आणि ते दुसऱ्याच माशाच्या पोटात जायचं, हे कुणाला परवडेल? म्हणून मी तुमच्याशी त्याच हिशेबाने बोलणार आहे. पण आधी त्या पुंजक्याखाली काय चाललेलं असतं ते सांगू द्या. आपल्यातल्या जुन्या माणसांना हे सगळं ठाऊक आहे, पण तरुण पोरांना ते कुणी सांगत नाही, आणि मत्स्यपालनाच्या प्रशिक्षणातही ते येत नाही. तिथे मरळ ‘भक्षक मासे’ या एका ओळीत येते आणि त्या ओळीच्या पुढे लिहिलेलं असतं, काढून टाकावेत.

मृगाचा पाऊस पडला की मरळीची जोडी काठाच्या उथळ पाण्यात येते. गवत, शेवाळ, पाणवनस्पती जिथे दाट आहे अशी जागा ती शोधते. मग दोघं मिळून त्या गवतात एक गोल मोकळा करतात. आपण खळं करतो तसा. मादी तिथे अंडी घालते. ही अंडी खाली बसत नाहीत. प्रत्येक अंड्यात तेलाचा थेंब असतो, त्यामुळे ती पाण्यावर तरंगतात, मधाच्या रंगाची, एकमेकांना लागून. पाणी गरम असेल तर दीड दिवसात, थंड असेल तर दोन-अडीच दिवसांत पिल्लं फुटतात. तोवर नर-मादी खालून हलत नाहीत. पाठीवर छत धरावं तसं पाण्यावर अंड्यांचं छत आणि खाली ती दोघं.

पिल्लं पोहू लागली की पुंजका तयार होतो आणि तो चालायला लागतो. आज इथे, उद्या वीस हातांवर. आई-बाप त्याच्या खाली खाली चालतात. जवळ येणारा मासा, बेडूक, पाणसाप, कुणावरही झेप घेतात. बेडकाचा गळ लागतो तो म्हणूनच. बऱ्याच जणांना वाटतं की मरळ हावरी आहे, बेडूक दिसला की गिळते. पिल्लांवर असताना तिला भूक नसली तरी ती बेडकावर तुटून पडते, कारण बेडूक पिल्लांच्या मधोमध पडलेला असतो. त्या दिवसांत तिला पकडायला कसब लागत नाही. एरवी जी मरळ गळाला तासन्‌तास हुलकावणी देते, ती पिल्लांवर असताना लहान पोराच्याही हाती लागते. माझा बा हे जाणत होता. मी सात-आठ वर्षांची असताना पुंजका दाखवून म्हणाला होता, “पोरी, लाल दिसते ते पायू नोको. त्याच्या खालतं काय हाये ते पाय.” त्याने त्या दिवशी जाळं खांद्यावरून उतरवलं नाही.

ही राखण एक-दोन दिवसांची नसते. महिनाभर तरी चालते. फुलमरळ या मरळीच्या मोठ्या जातीच्या बाबतीत तर पिल्लं बोटभर लांबीची होईपर्यंत आई-बाप सोबत राहतात. आपल्या तलावातल्या दुसऱ्या किती माशांची अशी राखण तुम्ही पाहिली आहे? रोहू, कटला, मृगळ अंडी सोडून निघून जातात. त्यांना ते जमतं, कारण एक मादी लाखांनी अंडी टाकते. लाखातली शंभर जगली तरी वंश चालतो. मरळीची अंडी हजारांत मोजावी लागतात. तिने कमी अंडी आणि जास्त राखण हा मार्ग घेतला आहे. राखणारे काढून घेतले की त्या हजारांतलं एकही पिल्लू उरत नाही. त्या आषाढात पिशवीत गेल्या त्या दोन मरळी नव्हत्या, त्या वर्षाचं तेवढं सगळं बीज होतं.

पिल्लं वर का येतात हेही सांगते, कारण त्यातच मरळीचं सगळं वेगळेपण आहे. मरळीच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, हवा साठवायची पोकळी असते. तिला कल्ले आहेत, पण नुसत्या कल्ल्यांवर तिचं भागत नाही. पाण्यात प्राणवायू भरपूर असला तरी तिला मधून मधून वर येऊन हवेचा घोट घ्यावाच लागतो. वर येऊ दिलं नाही तर मरळ पाण्यात गुदमरून मरते. रात्री टाकलेल्या जाळ्यात खोल अडकलेली मरळ सकाळी मेलेली निघते ती याच कारणाने. पिल्लं काही दिवसांची झाली की त्यांनाही हवा लागू लागते आणि मग सगळी एकदम वर येतात, म्हणून तो पाऊस पडल्यासारखा देखावा.

चैत्र-वैशाखात तलाव आटत आटत डबक्यावर येतो. पाणी तापतं, हिरवं होतं. रोहू-कटला पहाटे वर येऊन तोंड उघडतात आणि एखाद्या दिवशी सगळे पोट वर करून तरंगतात. ते नुकसान आपण सगळ्यांनी सोसलं आहे. त्याच डबक्यात मरळ जगते. पाण्यात प्राणवायू नसला तरी ती वरून घेते. पाणी आणखी गेलं तर चिखलात शिरून राहते. मृगाला पाणी आलं की तीच पहिली गवतात दिसते. बाजारात ती ओल्या गोणपाटात तासन्‌तास जिवंत राहते, गिऱ्हाईक फडफडती मरळ पाहून घेतं आणि रोहूच्या दुपटीच्या आसपास, कधी त्याहून जास्त भाव देतं. काटे कमी, म्हणून बाळंतिणीला आणि आजारातून उठलेल्याला मरळ. हे मावश्यांना मी सांगायची गरज नाही.

तिची ओळख शास्त्राच्या पुस्तकांतही आपल्याच भाषांतून गेली आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने गंगेच्या खोऱ्यातल्या माशांवर अभ्यास केला आणि १८२२ साली फुलमरळीला ‘मरुलियस’ हे नाव दिलं. तिकडच्या लोकांच्या तोंडी जे नाव होतं त्यावरूनच. आज जगात कुठेही या माशावर कुणी लिहिलं तर ते ‘चन्ना मरुलियस’ असं लिहितात. शेपटीच्या बुडाशी नारिंगी कडेचा काळा डोळा, अंगावर पांढरे ठिपके, आणि लांबीला चार फुटांपर्यंत गेल्याच्या नोंदी. आपल्या तलावात तेवढी मी कधी पाहिली नाही. बा हात पसरून दाखवायचा तेवढी त्याने पाहिली असेल.

आणि शेजारी तेलंगणाने मरळीच्याच कुळातल्या कोर्रमीनूला राज्यमासा केलं आहे. हैदराबादेत मृग लागला की दम्याच्या औषधासोबत लोक मरळीचं जिवंत पिल्लू गिळतात, त्यासाठी दूरदूरहून रांगा लागतात. त्या औषधाने काय होतं यावर मी बोलत नाही. पण सरहद्दीच्या पलीकडे ज्या माशाचा असा मान आहे, तो आपल्या संस्थेच्या वजनाच्या वहीत कुठे आहे? मी पाहिलेल्या वहीत कटल्याला एक रकाना, रोहूला एक, मृगळीला एक. मरळ ‘इतर’मध्ये.

आता हिशेब.

कटला, रोहू, मृगळ हे नदीचे मासे. त्यांना अंडी घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं. तलावात ते वाढतात, पण साधारणपणे वीत नाहीत. १० जुलै १९५७ ला ओडिशातल्या अंगुलमध्ये हीरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूतल्या पियूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली. त्याआधी बहुतेक बीज नदीतून गोळा करावं लागायचं. तो शोध फार मोठा आहे, आज देशभर कार्पचं, म्हणजे कटला-रोहूच्या कुळातल्या माशांचं, जे उत्पादन होतं ते त्याच्यावर उभं आहे, आणि १० जुलै हा दिवस राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात तो त्यामुळेच. मी वर्गात तो धडा अभिमानाने शिकवते. पण त्याची दुसरी बाजू आपल्या खिशाशी आहे. हे बीज दर वर्षी विकत आणावं लागतं. एक वर्ष आणलं नाही तर पुढच्या वर्षी तलावात कटला नाही. मरळ मात्र फुकट येते. तिला बीज केंद्र लागत नाही, इंजेक्शन लागत नाही, ड्रम भरून आणायला टेम्पो लागत नाही. तिला एक गवताळ काठ आणि एक महिना लागतो. आणि तो महिना नेमका १० जुलैच्या आगेमागे येतो, जेव्हा आपण सगळे बीजाच्या धावपळीत असतो.

ती बोटुकली खाते का? खाते. हे नाकारून मी तुमच्यापुढे उभी राहणार नाही. मरळ दबा धरून शिकार करते, गवताच्या कडेला स्थिर उभी राहते आणि जवळून गेलेलं अख्खं गिळते. अख्खं गिळते म्हणूनच तिच्या तोंडात मावेल तेवढंच तिला खाता येतं. आपण दोन-तीन सेंटिमीटरचं बीज स्वस्त मिळतं म्हणून आणतो आणि थेट मोठ्या तलावात ओततो. तेवढं पिल्लू मरळ खाईल, पाणसाप खाईल, पाण्यातला भुंगाही खाईल. मोठ्या जलाशयांसाठी शास्त्रज्ञांची शिफारस दहा सेंटिमीटरहून मोठी बोटुकली सोडण्याची आहे, ती याच कारणाने. बीज आधी लहान बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, वाढवा, बोटाएवढं होऊ द्या, मग तलावात सोडा. बोडी प्रत्येक गावात आहे. दोन महिन्यांचं काम आहे आणि जगणाऱ्या बोटुकलीत त्याचा फरक दिसतो.

दुसरं म्हणजे मरळीला बोटुकलीच हवी असं काही नाही. काठाच्या गवतात बारके देशी मासे असतात, बेडूक असतात, झिंगे असतात, तिथे ती त्यांच्यावर जगते. आपण गवत काढलं, बारके मासे संपले, तलाव उघडा केला आणि त्यात फक्त बीज सोडलं, तर ती आणखी काय खाणार?

आणि तिलापियाचं काय? १९५२ साली हा आफ्रिकेतला मासा आपल्या देशात आणला. तो तलावातच वितो, वर्षातून अनेकदा, आणि तोंडात पिल्लं सांभाळतो. काही वर्षांत तलाव तळहाताएवढ्या तिलापियाने भरतो. त्याला भाव नाही, वाढ नाही, आणि तो खातो रोहूचंच अन्न. जगभर जिथे तिलापिया पाळतात तिथे त्याची पिल्लावळ आवरायला तळ्यात शिकारी मासा सोडतात आणि त्यात मरळीच्या कुळातले मासे वापरले जातात. आपल्याकडे तो शिकारी आयताच होता. आपण त्याला मारून टाकतो आणि मग तिलापियाची तक्रार करतो. मरळीची संख्या वाढली तर ती तलाव खाऊन टाकेल ही भीतीही मी ऐकली आहे. मोठी मरळ लहान मरळीलाही खाते. प्रत्येक जोडीला विणीसाठी आपली जागा लागते. एका तलावात किती मरळी राहतील याला मर्यादा आहे आणि ती मर्यादा तीच घालते.

मोहाच्या पेंडीबद्दल मला थोडं कठोर बोलावं लागेल. मोह आपलं झाड. त्याची फुलं वेचून कित्येक घरं उन्हाळा काढतात. टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल काढल्यावर उरलेली पेंड पाण्यात टाकली की तिच्यातला सॅपोनिन हा विषारी घटक माशाच्या कल्ल्यांतून रक्तात जातो आणि तांबड्या पेशी फोडतो. मत्स्यपालनाच्या पुस्तकांत एक मीटर खोल पाण्यासाठी हेक्टरी अडीच हजार किलो असं प्रमाण दिलेलं असतं. ते प्रमाण संगोपनाच्या छोट्या तळ्यासाठी आहे. बीज वाढवायची बोडी तुम्ही अशी साफ केली तर मी एक शब्द बोलणार नाही. पण वैशाखात मोठा तलाव आटून मधल्या डोहावर आला की त्या डोहात पेंड टाकायची, किंवा ब्लिचिंग पावडर ओतायची, हे मी दोन ठिकाणी पाहिलं आहे. त्या डोहात त्या तलावाचं सगळं उरलेलं जीवन गोळा झालेलं असतं. मरळ, वाघूर, शिंगूर, झिंगे, सगळं. पुढच्या मृगाला गवतात यायला कुणी उरत नाही. आणि विष घालून मासे मारणं १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. बॅटरीचा करंट लावून मारणाऱ्यांना आपण तलावावरून हाकलतो, ते बरोबरच करतो. मग हेही थांबवायला हवं.

शिवड्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण आता तो माझ्या तलावात दिसतच नाही. पढीन म्हणा, शिवडा म्हणा, डोळ्याच्या मागपर्यंत फाटलेलं तोंड, अंगावर खवलं नाही, रात्री शिकार करणारा. त्याला मरळीसारखी पिल्लं राखता येत नाहीत आणि आटत्या डबक्यात हवा घेऊन जगताही येत नाही. त्याला खोल पाणी आणि पावसात नदी-नाल्यातून तलावात चढायची वाट लागते. ती वाट आपण बंद केली. सलंगावर, म्हणजे तलावाच्या सांडव्यावर, बारीक जाळी लावतो, कटला वाहून जाऊ नये म्हणून. जाणारा कटला थांबतो हे खरं, पण चढणीचा मासाही थांबतो. पुराचे पहिले चार दिवस जाळी थोडी वर उचलून ठेवता आली तर पाहा. जगाच्या पातळीवर शिवडा आज धोक्याच्या यादीत आहे. आपल्या आज्यांच्या वेळी तो घरोघरी खात होते.

आपले तलाव अडीचशे-तीनशे वर्षांचे. कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले, मालगुजारांच्या ताब्यात राहिले, १९५० नंतर सरकारचे झाले. बांधणाऱ्यांनी एक गोष्ट अशी केली होती की पाळीच्या बाजूला पाणी खोल आणि दुसऱ्या बाजूला उथळ होत होत धानाच्या बांध्यांत मिसळलेलं. त्या उथळ भागातच देवधान, कमळ, पाण्याखालच्या वेली, आणि तिथेच मरळीचं घरटं. आता गाळ काढायला जेसीबी येतो. गाळ काढायलाच हवा, शेताला तो सोन्यासारखा आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण जेसीबी काठापासून सरळ खोल कापत जातो. तलाव डब्यासारखा होतो. उथळ कडा जाते आणि तिथे मग बेशरमाचं झुडूप माजतं. कंत्राटदाराला सांगणारं आपल्यातलं कुणीतरी त्या दिवशी तिथे उभं राहिलं पाहिजे. पाळीकडे हवं तेवढं खोल करा, वरच्या बाजूचा उतार मोडू नका, एवढंच सांगायचं.

हे होऊ शकतं, कारण आपल्याच भागात झालं आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात पतिराम तुमसरे यांच्यासारख्या जाणत्या ढीवरांनी, मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या साथीने, तलावातली बेशरम उपटली, उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरला आणि पावसाळ्यात देशी पाणवनस्पती आणून लावल्या. शेतात रोवणा करतो तशी पाण्यात. कोणतं गवत कोणत्या माशाला लागतं हे त्यांना कुणी पुस्तकातून सांगितलेलं नव्हतं, ते आपल्या लोकांकडेच होतं. गवत आलं, त्यामागून देशी मासे आले, पाखरं आली. मी ते तलाव पाहून आले आहे. तुम्हीही जा. एका दिवसाची सहल काढा, गाडीभाड्यात माझा वाटा मी देईन.

जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयातल्या साहेबांनी हे पत्र वाचलं तर त्यांना एक विनंती. संस्थांकडून तुम्ही दर वर्षी आकडे मागवता. त्या तक्त्यात मरळीला एक रकाना द्या. ज्याचा रकाना असतो त्याची काळजी घेतली जाते. आणि प्रशिक्षणात ‘भक्षक मासे काढून टाकावेत’ हे वाक्य शिकवताना ते संगोपन तळ्यापुरतं आहे, एवढं पुढे जोडा.

मरळ आपल्या हातून एकदा जाता जाता राहिली आहे. १९८८ साली ईशान्येकडून देशात एक रोग शिरला, अंगावर लाल चट्टे पडून मांस सडवणारा, आणि पुढच्या काही वर्षांत तो दूरवर पसरला. मरळींना तो सगळ्यांत जास्त लागला. आमच्या घरी बाने टोपलीभर मासळी पुरून टाकलेली मला अंधुक आठवते. माय दारात उभी होती, कुणी काही बोललं नाही. त्यातूनही मरळ सावरली, कारण काही जोड्या कुठेतरी गवतात उरल्या होत्या.

आता माझं मागणं. आपल्या राज्याच्या समुद्रावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, ती सरकार करतं. आपल्याला सरकारची वाट पाहायची गरज नाही. येत्या सभेत एक ठराव घ्या: मृगापासून पोळ्यापर्यंत पिल्लांवरची मरळ कुणी मारायची नाही. गळाने नाही, भाल्याने नाही, फेकजाळ्याने नाही. बाकीच्या मरळी खुशाल धरा, हिवाळ्यात धरा, उन्हाळ्यात धरा, विका, खा. मी मासे खाणाऱ्या घरची आहे, मासे धरू नका असं मी कधीच म्हणणार नाही. प्रत्येक जोडीचा फक्त तो राखणीचा एक महिना, आणि फक्त पिल्लांच्या खालच्या त्या दोघी सोडा.

पोरांना कळावं म्हणून एक साधी खूण करता येईल. ज्याला पुंजका दिसेल त्याने त्या जागेपासून दोन हात लांब एक बांबू रोवायचा आणि त्याला लाल फडकं बांधायचं. पुंजका सरकला की बांबू सरकवायचा. फडकं दिसलं की तिथे जाळं पडणार नाही. पोळ्याला सगळे बांबू मोजू आणि किती घरटी होती ते वहीत लिहू. पुढच्या वर्षी पुन्हा मोजू. वाढली की कमी झाली ते आपल्याच आकड्यांवरून कळेल.

बांबू आणि फडकी मी देते. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी गावात असेन. यावर्षीचा पहिला पुंजका ज्याला दिसेल त्याने घरी निरोप पाठवावा, मी लगेच येईन.

आपली,
तलावकाठच्या एका ढीवराची मुलगी